जपानला गेलेला मुऱ्हाळी

आमच्या घरात संशयी म्हणून माझं नाव खराब हाय, ते आधीच सांगून टाकतो. वाटूर फाट्यावर माझं मोटारपंप अन् पाइपाचं दुकान हाय. कंपनीचं सीलबंद खोकं आलं तरी गिऱ्हाइकाच्या आधी मी ते फोडून बघतो. माझी बायको दैवशाला म्हणती, "तुमाला तर मारुतीच्या शेंदराचाबी संशय येईल." येऊ द्या. संशय घेतला म्हणून आजवर माझं काही बिघडलं न्हाई.

तर झालं असं. माझी धाकटी बहीण तृप्ती लग्न होऊन जपानला गेल्ती. नवरा भोकरदनचा, कल्याण नावाचा. ओसाका शहरात मशिनीच्या कंपनीत इंजिनिअर. तिला दिवस गेल्याचं कळलं अन् माझ्या मायनं, तुळजाबाईनं, दुपारपर्यंत अख्ख्या वाटूरला सांगून टाकलं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला लागतं. सातवा लागला की भाऊ जातो अन् बहिणीला घेऊन येतो. अशा न्यायला जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. एसटीनं जायचं, सासरी पोटभर जेवायचं, अन् परतताना बहिणीची पिशवी उचलून पुढं चालायचं, एवढंच त्याचं काम. मला ते विमानानं करायचं होतं.

पण दोनेक महिन्यापासून मला डाळीत काळं दिसून राह्यलं होतं. आधी तृप्ती रोज व्हिडिओ कॉल करायची. मंग नुसता चेहरा दिसायला लागला, तोबी अंधारात. मंग कॅमेराच खराब झाला म्हणे. मंग फोन कल्याणरावच उचलायला लागले. "झोपलीय." "अंघोळीला गेलीय." "आत्ताच बाहेर गेली, दादा." अरे, किती झोपती? किती अंघोळ करती? मी म्हणलं, दाजी, सातवा लागून राह्यला, मी न्यायला येतो. तर म्हणतात, "तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? मी बघतो, कळवतो." आता तुम्हीच सांगा, सासुरवाडीचा माणूस घरी येतो म्हणल्यावर नको म्हणणारा जावई तुम्ही कुठं बघितला का?

माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. मारत असंल. दुसरी बाई असंल. पोरीला कुठं कोंडून तर ठिवलं नसंल? मायलाबी झोप येईना. ती एवढंच म्हणाली, "भुजंगा, तिचा आवाज बराबर न्हाई. तू जा."

मंग मी संभाजीनगरच्या एजंटाकडून गुपचूप व्हिसा काढला. तिकीट हातात पडल्यावर कल्याणरावांला फोन लावला. म्हणलं, मंगळवारी पोचतो.  ह्या खेपेला नको न्हाई म्हणाले, नुसतं म्हणाले, "या."

मायनं पिशवी भरून दिली. डिंक, खोबरं, खारका, अन् तिच्या जुन्या मऊ लुगड्याची तिनं हातानं शिवलेली दुपटी. नवं कापड आधी घेऊ नये म्हणून जुनं. ती पिशवी मी विमानात मांडीवर घेऊन बसलो, वर ठिवू दिली न्हाई.

विमानतळावर कल्याणराव एकटे उभे. गाल बसलेले, दाढी वाढलेली.

"तृप्ती कुठं हाय?"

"ती एका बेटावर आहे, दादा. उद्या जाऊ आपण."

बेटावर! बाई सातव्या महिन्यात, अन् बेटावर? मी इचारलं, तिथं दवाखाना हाय का? म्हणाले, लहानसा आहे. मंग गेली कशाला? "तिथली हवा तिला मानवते." काय हवा हवा लावलीय! आमच्या जालन्याची हवा काय कुणी खाऊन टाकली होती का? असं मी तोंडावर म्हणलं. त्यांनी ऐकून घेतलं. एवढं बोललं तर कुणीबी उलटून बोलंल. खरा माणूस चिडतो, हे मला दुकानदारीत कळलेलं. हा माणूस चिडतच न्हाई म्हणल्यावर माझा संशय दुप्पट झाला.

घरी गेल्यावर मी पाणी प्यायचं निमित्त करून सगळं घर बघून घेतलं. घर कसलं, आमच्या दुकानाच्या गोडाऊनएवढं. तृप्तीच्या साड्या कपाटात तशाच घडी घातलेल्या. तिच्या चपला दाराशी. अन् स्वयंपाकाच्या ओट्यावर खिळ्याला तिचं मंगळसूत्र लटकवलेलं.  आमच्या घरची पोरगी मंगळसूत्र खिळ्याला टांगून बेटावर फिरायला जाईल? मी ते काढलं अन् खिशात घातलं. पुरावा म्हणून.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कल्याणराव फोनवर बोलताना ऐकू आले. जपानी भाषेत, एकदम हळू आवाजात, अन् बोलताना मान लववून लववून. पलीकडं बाईचा आवाज. मला भाषा कळत न्हाई, पण बाईचा आवाज कळतो. झालं, म्हणलं. सापडलं.

सकाळी उठून बघतो तर दारात दोन सायकली. एक त्यांची, एक शेजाऱ्याकडून माझ्यासाठी मागून आणलेली. म्हणे बेटावर रिक्षा न्हाई, बस दिवसातून दोनदा, अन् बोटीत सायकल नेता येते, तिथं सायकलीवरच सगळे फिरतात. मी परतूरच्या शाळेत असताना सायकल चालवली होती, त्यानंतर आत्ता. पोट आडवं येऊन राह्यलं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच. टॅक्सी नको, गाडी नको, सायकल! म्हणजे कुठं गेलो, कुणासंगं गेलो, कुणाला पत्ता लागायला नको. पिशवी मी माझ्या कॅरिअरला बांधली, अन् कल्याणरावांला म्हणलं, तुम्ही पुढं चाला. पाठीमागं नको मला तुम्ही.

बोट कसली, चार मजली हवेलीच. तिचा जबडा उघडला अन् त्याच्यात मालट्रका घुसायला लागल्या. त्यांच्या मागून आम्ही दोघं सायकली ढकलत. आत लोखंडी भिंतीला सायकली लावायच्या, चाकाखाली लाकडाची पाचर ठोकायची अन् दोरीनं आवळायचं. कल्याणरावांनी माझी सायकल स्वतः बांधली, हलवून बघितली, पुन्हा बांधली. माझ्यासाठी कशाला एवढी काळजी, म्हणलं मनात. पिशवी सोडून मी हातात घेतली.

वर मोठी खोली, गालिचा अंथरलेली. लोक बूट काढून खुशाल आडवे पडलेले, म्हातारे-पोरं सगळे, लग्नाच्या मांडवात पाहुणे पडावेत तसे. माझ्या बाजूच्या माणसानं तर अनोळखी माणसाच्या पायाशी डोकं ठिवून घोरायला सुरुवात केली. मी भिंतीला पाठ लावून बसलो, बूट मांडीखाली दाबून. कल्याणराव म्हणाले, "वर जाऊ या का दादा, समुद्र बघायला?"

"न्हाई. हितंच बरं हाय."

कठड्याजवळ कोण जातो? मला पोहता येत न्हाई. पुरातली गोदावरी लांबून बघितली तेवढंच माझं पाण्याशी नातं. एक धक्का अन् खल्लास. भुजंग वाटूरकर समुद्रात पडला, कुणी बघितलं? कुणीच न्हाई, सगळे झोपलेले!

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मायचा फोन आला. "भेटली का? बोलली का?" मी म्हणलं, "भेटली, मजेत हाय." खोटं बोललो, अन् त्याचाबी राग कल्याणरावांवरच निघाला. फोन ठिवला, खिशातून मंगळसूत्र काढलं अन् त्यांच्या तोंडासमोर धरलं.

"हे काय हाय? सांगा. आत्ता सांगा, न्हाईतर ही बोट थांबवतो मी."

आजूबाजूचे दोघं-तिघं उठून बसले. कल्याणरावांचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी हात पुढं केला, "दादा, द्या ते माझ्याकडं. तिला आत्ता दाखवू नका."

"का? मारलं का तिला? दुसरी ठिवली का? काल कुठल्या बाईशी बोलत होते तुम्ही? माझी बहीण जिवंत तरी हाय का, ते सांगा!"

"जिवंत आहे," ते म्हणाले. मंग खाली बघून म्हणाले, "तिनं मला शपथ घातलीय दादा. जे सांगायचं ते तीच सांगणार. बोटीतून उतरेपर्यंत मला विचारू नका."

शपथ! मोठी सोय हाय ना ही, म्हणलं मी. मंगळसूत्र दिलं न्हाई, परत खिशात घातलं. आता बेट आलं की पोरीला घ्यायचं, पोलिसात जायचं असंल तर जायचं अन् थेट विमानतळ गाठायचा, असं मनात पक्कं करून टाकलं.

बेटाचं नाव माझ्या तोंडात बसत न्हाई. धक्का एवढासा, दोन मांजरी अन् एक टपालाची पेटी. तृप्ती कुठंच न्हाई. मी कल्याणरावांकडं बघितलं. ते म्हणाले, "येईल ती. वरच्या रस्त्यानं जाऊ आपण." आम्ही सायकली काढल्या, पिशवी परत कॅरिअरला बांधली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगराला पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेली संत्र्यासारखी झाडं, फळांनी वाकलेली. आमची मोसंबीची बाग मोठी झाली तर अशीच दिसंल, असं एक क्षण वाटलं. तेवढ्यात चढ लागला अन् माझा दम गेला. मी उतरून सायकल ढकलायला लागलो.

वरून एक बाई सायकलीवर येताना दिसली. डोक्यावर कापडी टोपी, हातात मोजे, अंगात फुगीर कोट. उतारावरून सुसाट. कुणी जपानी पोरगी असंल म्हणून मी बाजूला झालो. तर ती ओरडली, "दादा!"

तृप्ती होती. धडधाकट, दोन हात, दोन पाय, माझी तृप्ती. देवा शपथ सांगतो, डोळ्यात पाणीच आलं माझ्या. अन् दुसऱ्याच क्षणी डोकं फिरलं.

"अगं येडे! सातव्या महिन्यात सायकल? अन् असल्या उतारावर? काही अक्कल हाय का न्हाई? पडली असती तर? पोटातल्या लेकराचा तरी इचार कर!" कल्याणरावांकडं वळलो. "अन् तुम्ही? तुम्ही तिला सायकल चालवू देता? नवरा हाय का कोण हाय तुम्ही? माय तिकडं उपास करून राह्यली ह्या लेकरासाठी, अन् हितं तुम्ही दोघं..."

माझं तोंड चालूच होतं. ती सायकलीवरून उतरली. वाऱ्यानं कोट बाजूला झाला. आत बागेत काम करताना बांधतात तसा निळा कपडा, कमरेला दोरीनं घट्ट आवळलेला. सपाट. शाळेत जाताना होती तशी सपाट.

मी बोलायचं थांबलो. आपण आत्ता काय काय बोललो, त्यातला एक एक शब्द माझ्या कानात परत यायला लागला. मेल्यावाणी झालं मला. दुसरं काही सुचंना, म्हणून मी सरकून पिशवीसमोर उभा राह्यलो. त्याच्यात दुपटी होती. पण ती बघत होती तिकडंच. मायची गाठ तिला लांबूनबी ओळखू येती.

"पाचव्यात गेलं, दादा," ती म्हणाली. "मुलगा होता."

रस्त्याच्या कडंला कठड्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. ती बोलत होती अन् मी तिच्या हातातले मोजे बघत होतो, कारण तोंडाकडं बघवत नव्हतं. दवाखान्यात तिच्या गळ्यातलं काढून घेतलं होतं, ते तिनं परत घातलंच न्हाई. घरी आली अन् फोन वाजला की तो उशीखाली दाबायची. माय इचारायची, आज काय खाल्लं, लाथ मारतो का गं. "आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. माय किती खुश असायची रे. मंग सांगताच येईना. मंग फोनच उचलवेना." बदल म्हणून दोघं सायकली घेऊन या बेटावर आले होते. जिच्याकडं उतरले ती एकटी राहणारी म्हातारी. तिच्या बागेत फळं तोडणीला आलेली. ही दुसऱ्या दिवशी तोडायला गेली अन् तिथंच राह्यली. "ती काहीच विचारत नाही, दादा. भाषाच येत नाही ना मला नीट. तेवढ्यानंच बरं वाटतं." कल्याणराव दर शनिवारी बोटीनं येऊन भेटून जायचे, अन् रोज म्हातारीला फोन करून इचारायचे, जेवली का, झोपली का. ती माझी दुसरी बाई. सत्तरीच्या पुढची.

"अन् ह्यांना काही बोलू नको," तृप्ती म्हणाली. "इथं पुरू देत नाहीत. जाळावंच लागतं. मी दवाखान्यात पडलेली. हे एकटेच गेले त्याला घेऊन. मांडीवर पेटी ठेवून, टॅक्सीत."

मी वळून बघितलं. कल्याणराव लांब उभे राहून माझ्या सायकलीची उतरलेली चेन बसवत होते. हात काळे झालेले. आमच्याकडं बघत नव्हते.

त्या दिवशी मायला मीच फोन केला. लाऊडस्पीकर लावला न्हाई, बाहेर झाडात जाऊन बोललो. सांगितलं.   माय म्हणाली, "दोन महिने एकटीनं सोसलं का रे तिनं?" अन् रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "जशी हाय तशी आण. बाळंतपण न्हाई तर न्हाई, लेक तर माझीच हाय."

मी तृप्तीला म्हणलं, चल घरी. ती म्हणाली, "आता कशाला नेतोस? कसला मुऱ्हाळी आता? गावातल्या बाया येतील बघायला." मी म्हणलं, येऊ दे, दारात मी बसतो, बघतो कोण काय इचारतं ते. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "तू बसलास तर कुणीच यायचं नाही." म्हातारीनं तिला फळांची टोपली दिली अन् माझ्यासमोर इतकी वाकली की मला काय करावं कळंना. मी सरळ तिच्या पाया पडलो.

बोट दुसऱ्या दिवशी होती. तृप्ती बोटीतल्या वरच्या खोलीत गेली. सायकली आता तीन. कल्याणराव खाली त्या लोखंडी भिंतीशी एक एक सायकल बांधत बसलेले. मी वर जाऊन जागा धरली, पण हे येईचनात. जुनी खोड, मी बघायला उतरलो. तिन्ही सायकली बांधून झालेल्या. ते बांधलेली दोरी सोडत होते अन् परत बांधत होते.

"दाजी, चला ना वर."

"हो, आलोच." वर न बघता म्हणाले, "तुम्ही तिला नेताय हे फार बरं झालं, दादा. आईजवळ राहिली की सुधरेल. मी रविवारी रविवारी फोन करीन."

"भोकरदनला सांगितलं का तुमच्या वडलांला?"

"सांगितलं होतं त्याच आठवड्यात." दोरी ओढली. "ते म्हणाले, होईल पुन्हा, त्यात काय एवढं. पुरुषमाणसानं एवढं हळवं होऊ नये. मंग म्हणाले, पगार वाढला का."

  आल्यापासून ह्या माणसाला मी एकदाबी कसे हाय म्हणून इचारलं नव्हतं. बहीण कुठं हाय, मंगळसूत्र कुठं, बाई कोण, हेच.

"कंपनीत कुणाला माहीत नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी गेलो मी कामावर. तृप्तीसमोर रडता येत नव्हतं ना. मंग राहूनच गेलं ते." थोडं थांबून म्हणाले, "मुलीला न्यायला माणूस येतो, बरं असतं ते, दादा. तुम्ही येतो म्हणालात तेव्हा मला भीती वाटली तुमची. पण वाटलं, तिला न्यायला कुणीतरी येतंय. मला नाही कुणी येत न्यायला."

असं म्हणून त्यांनी परत गाठ सोडली. मी त्यांच्या हातातून दोरी काढून घेतली अन् स्वतः बांधली. वेडीवाकडी बांधली, पण बांधली.

"सुट्टी टाका," मी म्हणलं. "टाकता येत नसंल तर नोकरीला लाथ मारा, मला काय. तुम्हीबी चला. मी दोघांलाबी न्यायला आलोय."

कल्याणरावांनी मान वर केली. मी दोन दिवस त्यांच्याकडं जसा बघत होतो ना, अगदी तसंच ते आता माझ्याकडं बघून राह्यले होते. हा खरं बोलतोय का, ह्याच्या मनात काय हाय. विश्वासच बसंना त्यांचा.

"खरंच?" त्यांनी इचारलं.

"खरंच," मी म्हणलं. अन् मंग तिथंच, मालट्रकांच्या मधी, तो माणूस खाली बसला अन् तोंडावर सायकली बांधून काळे झालेले हात घेऊन पहिल्यांदा रडला.